वाचकांचे प्रश्न : ग्रंथपालाच्या पाठीशी कोण?

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबई परिसरातून आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे ग्रंथालयात काम करणाऱ्या किंवा ग्रंथालय चालवणाऱ्या वाचकांची आहेत. तिन्ही पत्रांत राष्ट्रीय संघटनेविषयी विचारणा असल्यामुळे त्यांना येथे एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : मी नेरूळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ग्रंथालयात मी एकटीच असते. मदतीला एक अर्धवेळ शिपाई आहे. यंदाच्या ग्रंथपडताळणीत अकरा पुस्तके मिळाली नाहीत आणि त्यांची किंमत माझ्या पगारातून कापली जाईल, असे मला तोंडी सांगण्यात आले. वर्षभरात सुमारे 3,200 पुस्तकांची देवघेव झाली होती. भारतीय ग्रंथालय संघाचे सभासद झाल्यास अशा प्रसंगी काही उपयोग होतो का?
– एक ग्रंथपाल, नेरूळ

उत्तर : सभासदत्व घेतल्याने ही कपात आपोआप थांबणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. भारतीय ग्रंथालय संघ ही ग्रंथालय व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना आहे, कामगार संघटना नव्हे. वकिलाला जशी बार कौन्सिलची सनद लागते, तशी ग्रंथपालाला सनद देणारी किंवा त्याच्या कामाचे नियम कायद्याने ठरवून देणारी परिषद आपल्या देशात नाही. त्यामुळे संघाचे पत्र कोणत्याही संस्थाचालकावर बंधनकारक ठरत नाही.

तरीही आपल्याला सभासद होण्याचाच सल्ला मी देईन. त्याचे कारण आपल्याच पत्रात आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, 2017 मधील नियम 215 नुसार, वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी मानता येते; मात्र ती अप्रामाणिकपणामुळे किंवा हलगर्जीपणामुळे झालेली नसावी. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा कोणत्याही किमतीचा दुर्मिळ ग्रंथ हरवल्यास मात्र चौकशी झालीच पाहिजे, असेही त्याच नियमात म्हटले आहे. आपल्या 3,200 देवघेवींचा हिशेब केला तर ही मर्यादा सोळा पुस्तकांची होते आणि आपली हरवलेली पुस्तके अकरा आहेत. हा नियम केंद्र सरकारी कार्यालयांसाठी आहे आणि खाजगी संस्थेला तो थेट लागू होत नाही. पण सरकारने स्वतःच्या ग्रंथालयांसाठी जे प्रमाण मान्य केले, ते आपल्या ग्रंथालयाला का लावू नये, असे आपण लेखी विचारू शकता. वर्षानुवर्षे एकट्याने काम करणाऱ्या कितीतरी ग्रंथपालांना हा नियम ठाऊक नसतो आणि ते मुकाट्याने पैसे भरून मोकळे होतात, याचे मला फार वाईट वाटते. असा नियम आपल्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे समव्यावसायिकांशी असलेला संपर्क.

संस्थेकडे असा लेखी अर्ज करण्यापूर्वी एक काम अवश्य करा. दाखल नोंदवही समोर घेऊन त्या अकरा पुस्तकांचे दाखल क्रमांक, किमती, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) आणि देवघेवीची शेवटची तारीख एका कागदावर उतरवून काढा. ड्यूई दशांश वर्गीकरण या वर्गांक देण्याच्या पद्धतीत मराठी कादंबरीचा वर्गांक 891.463 आणि हिंदी कादंबरीचा 891.433 आहे. मधला एक आकडा चुकला की पुस्तक शेजारच्या कपाटात जाते आणि पडताळणीच्या यादीत ‘हरवलेले’ ठरते. माझ्या नोकरीच्या काळात एका पडताळणीत न मिळालेल्या सातपैकी चार पुस्तके मला अशीच हिंदीच्या फळीवर मिळाली होती आणि त्यांतल्या दोन पुस्तकांवर चुकीचा वर्गांक माझ्याच अक्षरात होता. ज्या ग्रंथालयात मुक्तद्वार पद्धत आहे, म्हणजे वाचक स्वतः कपाटातून पुस्तक काढतात, तेथे पुस्तके जागा बदलणारच. तो धोका पत्करण्याचा निर्णय संस्थेचा असतो, एकट्या ग्रंथपालाचा नव्हे. ही गोष्टही अर्जात नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत लिहावी.

आपण ‘एकटीच’ हा शब्द लिहिला आहे, म्हणून थोडे मागे जातो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे डॉ. शि. रा. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांतल्या एकांताला ते इतके कंटाळले की, पुन्हा वर्गावर शिकवायला घ्यावे, अशी विनंती त्यांनी आपल्या महाविद्यालयाकडे केली होती. पुढे ते शिक्षणासाठी लंडनला गेले, तिथली ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि परतल्यावर आयुष्यभर ते माणसे जोडत राहिले. 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला. सप्टेंबर 1933 मध्ये कोलकात्यात भरलेल्या अखिल भारतीय ग्रंथालय परिषदेत भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि 1944 ते 1953 या काळात रंगनाथन त्याचे अध्यक्ष होते. वर्गीकरण, ग्रंथपालांचे प्रशिक्षण, ग्रंथालयांसाठी कायदा यांविषयी जे आज आपण गृहीत धरतो, ते अशा परिषदांतल्या दीर्घ चर्चांतून ठरत गेले आहे. व्यवस्थापनासमोर ‘मला असे वाटते’ म्हणणे आणि ‘आमच्या व्यवसायात अशी पद्धत आहे’ म्हणणे यांत मोठे अंतर आहे. दुसरे वाक्य बोलण्यासाठी ‘आमचा’ म्हणता येईल असा व्यवसाय संघटित असावा लागतो.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला शासनाचे अनुदान मिळते, पण तेवढ्यात कर्मचाऱ्यांना धड पगार देता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संघाकडे गाऱ्हाणे मांडावे काय? कार्यकारिणीत याविषयी दोन मते आहेत.
– कार्यकारिणी सदस्य, सार्वजनिक वाचनालय, नौपाडा, ठाणे

उत्तर : गाऱ्हाणे दिल्लीत मांडून फार काही हाती लागणार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्याच्या नियंत्रणाखालील किंवा राज्याच्या निधीवर चालणारी ग्रंथालये हा राज्यसूचीतला विषय आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 लागू आहे आणि अ, ब, क, ड या दर्जांनुसार अनुदान ठरते. त्यामुळे हा प्रश्न मंत्रालयात आणि ग्रंथालय संचालनालयात सुटायचा आहे. त्यासाठी जिल्हा ग्रंथालय संघ आणि राज्य ग्रंथालय संघ हीच योग्य वाट आहे. कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तपशील, म्हणजे कोण किती तास काम करतो आणि त्याला प्रत्यक्ष किती रक्कम मिळते, तो दरवर्षी लेखी स्वरूपात या संघांकडे पोहोचला पाहिजे. तोंडी सांगितलेल्या हलाखीची कोठेही नोंद होत नाही.

राष्ट्रीय संघाचा उपयोग वेगळ्या कारणासाठी होतो. एका राज्यात झालेला कायदा दुसऱ्या राज्याला दाखला म्हणून पुढे करता येतो. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये, मद्रास प्रांताने 1948 मध्ये ग्रंथालय कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर झाला. हे दाखले एकत्र ठेवण्याचे काम देशपातळीवरच होऊ शकते. आपण ठाणेकर आहात, म्हणून एक गोष्ट अभिमानाने नोंदवतो. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 मध्ये स्थापन झाले, म्हणजे राष्ट्रीय संघाच्या चाळीस वर्षे आधी या गावातल्या वाचकांनी ग्रंथालय स्वतःच्या बळावर उभे केले होते. ज्या गावाला ही परंपरा आहे, तिथल्या वाचनालयातल्या कर्मचाऱ्याला महिन्याच्या शेवटी उसनवारी करावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी महापे येथील एका रासायनिक कंपनीत पेटंट आणि शोधनिबंध शोधून देण्याचे काम करतो. पदवी रसायनशास्त्राची आहे. हुद्द्यात ‘ग्रंथपाल’ शब्द नाही. अशा संघटनेत मला स्थान आहे का?
– एक वाचक, महापे

उत्तर : नक्कीच आहे. कोलकात्यात 1955 मध्ये स्थापन झालेली ‘इयास्लिक’ ही संघटना विशेष ग्रंथालये (म्हणजे एखाद्या संस्थेच्या किंवा विषयाच्या गरजेसाठी चालणारी ग्रंथालये) आणि माहिती केंद्रे यांच्यासाठीच आहे; आपल्यासारखे काम करणाऱ्यांना तेथे सर्वांत जवळचे सहकारी भेटतील. ब्रिटनमध्ये तर 1877 पासूनचा ग्रंथालय संघ आणि माहितीशास्त्रज्ञांची संस्था 2002 मध्ये एकत्र आल्या, कारण दोघांचे काम एकमेकांत मिसळले होते. प्रवेश अर्ज भरताना हुद्द्याबरोबर कामाचे वर्णन लिहा: कोणते माहितीसंच वापरता, कोणासाठी शोध घेता, शोधाची नोंद कशी ठेवता. शेवटच्या मुद्द्यावर विशेष लक्ष द्यावे. कोणते शब्द वापरून, कोणत्या तारखेला, कुठे शोधले आणि काय मिळाले नाही, याची नोंदवही आपण ठेवत नसाल तर ती या आठवड्यातच सुरू करा. पुढच्या वेळी तोच प्रश्न आला की पहिली विचारणा त्या नोंदीचीच होईल.