आवाज कुठून आला ते सांग

अगं,

तुझा मेसेज वाचला. आधी राग आला, मग वाटलं हिच्या वयाला मीही असाच तडफडलो असतो, मग परत राग आला, म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

प्रकरण एवढंच ना? काकाच्या भोसरीच्या प्रेस शॉपमधले, पत्रा ठोकायच्या मशिनांचे आवाज घेऊन तू ट्रॅक केलास, कुणीतरी तो जिमच्या रीलखाली लावला, तो धो धो चालला, आता एक एजन्सी म्हणतेय अस्संच काहीतरी दे पण जरा क्लीन, एक जण म्हणतोय तुझ्या सगळ्या आवाजांचा सॅम्पल पॅक, म्हणजे कुणीही आपल्या गाण्यात घालावा असा संच, करून विकू, आणि तुझी नॉइज म्युझिकवाली मंडळी म्हणतायत की तू विकली गेलीस आणि पुढच्या गिगच्या पोस्टरवरून तुझं नाव गायब. आणि तू मला विचारतेस, ट्रॅक डिलीट करू का.

कशाला डिलीट करतेस? कुणाला बरं वाटावं म्हणून?

इंडस्ट्रियल, म्हणजे हे आपलं यंत्रांच्या, लोखंडाच्या आवाजांचं म्युझिक, मेनस्ट्रीम झालं की मरतं, हे तुझे मित्र तुला ऐकवतायत ना, ते वाक्य मी त्यांच्या जन्माआधीपासून ऐकतोय, आणि बोलतही आलोय, त्यामुळे त्यातली हवा मला नीट माहितीय. अगं, हे म्युझिक कधी लपूनछपून होतंच कुठे? ऑक्टोबर 1976 मध्ये लंडनच्या आयसीए या कलासंस्थेत कॉझी फॅनी टुटी आणि मंडळींनी प्रदर्शन भरवलं, कॉझीचे मासिकांत छापून आलेले नग्न फोटो, वापरलेले टॅम्पॉन, आणि उद्घाटनाला त्यांचा नवा बँड, थ्रॉबिंग ग्रिसल. निकोलस फेअरबर्न नावाचा खासदार चवताळला, ही माणसं संस्कृतीचा विध्वंस करणारी आहेत म्हणाला, पेपरांनी रकाने भरले, आणि ह्यांनी तीच कात्रणं नेऊन प्रदर्शनात लावली. पहिल्या दिवसापासून गर्दी, पेपर, बोंबाबोंब. आणि तरी पुढच्या वर्षी पहिली एलपी आली तेव्हा कॉप्या किती काढल्या, तर 785. नाव ठेवलं दुसरा वार्षिक अहवाल. कंपन्यांची टर उडवत स्वतःचीच कंपनी काढून बसले होते. म्हणजे प्रसिद्धी होती आणि श्रोते मूठभर होते, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हीचा त्या आवाजाशी काडीचा संबंध नव्हता. आवाज आला कुठून? बँडमधल्या क्रिस कार्टरनं सोल्डरिंग करून स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांतून. बास.

माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे गं. किती लोक ऐकतात ते विचारू नकोस, आवाज कुठून आला ते विचार. मी हे तुला आधीही सांगितलंय, परत सांगतोय, अजून चार वेळा सांगेन.

तुझ्याच ट्रॅकचं बघ. ती कंपनं पकडणारी पायझोची चकती तू बझरमधून काढलीस, त्या पितळी तुकड्याला वायर डागताना पहिल्यांदा पांढरा थर जाळलास, दुसऱ्यांदा जमलं, मग ती प्रेसच्या फ्रेमला डबल टेपनं चिकटवली आणि थेट लाइन इनमध्ये घुसवलीस आणि मला लिहिलंस की दादा नुसती टकटक येतेय, दणका कुठे गेला. आठवतंय? मग तुला कळलं की पायझोला हाय इंपीडन्सचा, म्हणजे सिग्नलवर भार न टाकणारा इनपुट लागतो, नाहीतर खालचा सगळा बेस गळून जातो, मग गिटारच्या इनपुटला लावलंस आणि आला की नाही तो धप्प, जो ऐकून तुझ्या काकांनी सुद्धा मान वर केली. आणि त्या धप्पच्या आधी अगदी बारीक एक हिस्स आहे, क्लचच्या हवेचा. रीलवाल्यांना तो ऐकू येत नाही, मला येतो, तुला येतो. तो हिस्स जगातल्या कुठल्याही पॅकमध्ये मिळणार नाही. आता सांग, ह्यात विकलं गेलेलं काय आहे?

आता तुझ्या मित्रांना मी उलटतपासणीला घेतो. त्यांना विचार, डेपेश मोड हा बँड चालतो का. नाही म्हणतील, नाक मुरडतील, पॉप आहे म्हणतील. आइनस्ट्युर्झेंडे नॉयबाउटेन चालतं, कारण ते बर्लिनचे, 1980 साली हायवेच्या पुलाच्या पोटात शिरून त्यांनी रेकॉर्डिंग केलं, भंगारातले पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशिन, 1984 ला आयसीएच्या स्टेजलाच ड्रिल लावलं. बरोबर, देवमाणसं आहेत, मान्य. पण डेपेश मोडनं काय केलं? 1983 च्या रेकॉर्डसाठी ही चार्टवरची गोंडस पोरं लंडनच्या शोरडिचमधल्या बांधकामांवर टेपरेकॉर्डर घेऊन हिंडली, लोखंडं बडवली, पाइप बडवले, ते सॅम्पलरमध्ये भरलं, मिक्सिंगला बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेली. पुढच्या वर्षी त्यांचं गाणं पश्चिम जर्मनीत एक नंबरला होतं आणि त्यात तीच ठोकाठोक. माझ्या परीक्षेत ती पोरं पास आहेत. आणि 1996-97 ची कितीतरी काळ्या कपड्यातली, कट्टर, अंडरग्राउंड म्हणवणारी पथकं नापास आहेत, कारण सगळ्यांकडे तोच डिस्टॉर्टेड किक, तीच चिरलेली गिटार, त्याच हॉरर पिक्चरमधले तेच डायलॉग.

सीन मेला तो असा. लोक आले म्हणून नाही मेला. लोक आले तेव्हा सगळ्यांनी एकच पुडी फोडली आणि तोच मसाला टाकायला लागले म्हणून मेला.

त्या काळाची गंमत आणि शोकांतिका बघ म्हणजे. शिकागोत वॅक्स ट्रॅक्स नावाचं दुकान आणि लेबल, जिम नॅश आणि डॅनी फ्लेशर हे जोडपं चालवायचं, करार वगैरे भानगड नाही, हात मिळवला की झालं. मिनिस्ट्री, फ्रंट 242, केएमएफडीएम, हे सगळे बँड त्या दुकानाच्या आधारानं अमेरिकेत उभे राहिले. मग मोठी लेबलं आली, फ्रंट 242 एपिककडे, मिनिस्ट्री तर आधीच सायरकडे. 1991 ला लोलापालूझा फेस्टिव्हलमध्ये ट्रेंट रेझनरचं नाइन इंच नेल्स भरउन्हात गर्दी वेडी करतंय, 1992 ला मिनिस्ट्रीची रेकॉर्ड धडाधड खपतेय, आणि त्याच 1992 साली वॅक्स ट्रॅक्स दिवाळखोरीत. ज्यांनी मांडव घातला ते उपाशी. 1994 च्या मार्चमध्ये रेझनरची रेकॉर्ड बिलबोर्डवर थेट दोन नंबरला उतरली, मग प्रत्येक लेबलला एक इंडस्ट्रियल बँड हवा झाला, आणि मिळाला सुद्धा, कारण पुडी तयार होती. दशक संपेपर्यंत सगळ्यांनी हात झटकले. वर 20 एप्रिल 1999 ला अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला आणि गोळ्या झाडणाऱ्या पोरांच्या ऐकण्यात केएमएफडीएम होतं म्हणून टीव्हीवाल्यांनी बँडलाच धोपटलं, नेमकी त्याच दिवशी त्यांची नवी रेकॉर्ड बाहेर पडली होती. बँडनं निषेधाचं पत्रक काढलं. कोण वाचतंय?

ह्यात दोन गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र करतेस. पैशाचा कागद नीट नसणं ही एक, आणि आवाज उसना असणं ही दुसरी. वॅक्स ट्रॅक्स पहिलीनं बुडालं, सीन दुसरीनं. लोकप्रियता ह्या दोन्हीला नुसता धक्का देते, भोक आधीच असतं.

रेझनरबद्दल तुझ्या मित्रांचं मत मला ऐकवू नकोस. त्यानं आपल्या ब्रोकन या रेकॉर्डची जी भयंकर फिल्म केली ती दिग्दर्शित कुणी केली माहितीय? पीटर क्रिस्टोफरसन. थ्रॉबिंग ग्रिसलचा. म्हणजे ज्याच्या घरातून हे सगळं निघालं तो माणूस ग्रॅमीवाल्याबरोबर बसून काम करत होता आणि आम्ही पुण्यात बसून ठरवत होतो कोण खरा कोण खोटा.

हो, आम्ही ठरवायचो. डेक्कनला एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत बसायचो, कुणाचा तरी भाऊ बाहेरून सीडी आणायचा, त्याच्या कॅसेटी व्हायच्या, कॅसेटींच्या कॅसेटी व्हायच्या, इतक्या की कॅबरे व्होल्टेअर बँड ऐकतोय की टेपची खरखर हेच कळायचं नाही आणि आम्हाला त्यानं काही फरकही पडायचा नाही. मग केबलवर नाइन इंच नेल्सचे व्हिडिओ यायला लागले आणि एक मुलगा आला, टीशर्ट घालून, डोळे लकाकतायत. आम्ही त्याला प्रश्न विचारले. हे ऐकलंयस का, ते ऐकलंयस का. त्यानं काहीच ऐकलेलं नव्हतं, कुठून ऐकणार, कॅसेटी तर आमच्या कपाटात. तो परत आला नाही. आता तू म्हणशील दादा तुम्हीच तर माझ्या मित्रांसारखे होतात. नाही, तसं नाही, आम्ही निदान ऐकत तरी होतो, मेहनतीनं ऐकत होतो, आणि त्याला एखादी कॅसेट मागायला तोंड नव्हतं का? असो. ग्रुप काही टिकला नाही. एक जण अमेरिकेत आहे, एक जण मिक्सर ग्राइंडरची डीलरशिप बघतो, तोही एक प्रकारे इंडस्ट्रियलच.

आणि मी जाहिरातींचं साउंड केलं. तुला हे माहितीय, तू कधी विचारत नाहीस, पण तुझ्या मेसेजमधल्या त्या एजन्सीवाल्या वाक्यात मला ते ऐकू आलं, की दादांनी पण तेच केलं ना. हो केलं. घर त्यावर झालं. पण एका सिमेंटच्या कामाला मला म्हणाले लायब्ररीतला धातूचा आवाज लाव, अर्ध्या तासात होईल, आणि मी रविवारी जुन्या बाजारात जाऊन पत्र्याच्या टाकीचं झाकण, बैलगाडीचा आस आणि एक फुटकी घंटा घेऊन आलो आणि दोन दिवस बडवत बसलो. बिल उशिरा आलं, त्यातलं झाकण वगैरे कापलं, आणि पुढचं काम दुसऱ्याला गेलं. पण तो आवाज माझा होता. वीस सेकंद का होईना, कुठून आला ते मला सांगता येतं. कॅबरे व्होल्टेअरचा क्रिस वॉटसन 1981 ला बँड सोडून टेलिव्हिजनमध्ये नोकरीला गेला, पुढे डेव्हिड अॅटनबरोच्या प्राण्यांच्या मालिकांचे आवाज टिपले त्यानं, मेलेल्या झेब्राच्या फासळ्यांत माइक लावून गिधाडं रेकॉर्ड केली. त्याला विकला गेला म्हणायची कुणाची छाती आहे? टेप घेऊन शेफील्डमध्ये फिरायचा, तीच टेप घेऊन केनियात गेला. मी स्वतःला वॉटसन म्हणवत नाहीये. पण जाहिरात केली म्हणून मान खाली घालून बसणारही नाही.

तू आता लिल नास एक्सचं ते ओल्ड टाउन रोड गाणं पुढे करशील, मला माहितीय तू. नेदरलँड्समधल्या एका पोरानं यूट्यूबवर सापडलेला रेझनरचा 2008 चा तुकडा उचलला, कुणाचा आहे त्याला पत्ता नव्हता, त्यावर 2018 मध्ये गाणं झालं आणि 2019 मध्ये अमेरिकेत एकोणीस आठवडे एक नंबरला बसलं. म्हणजे आवाज कुठून आला हे न कळताही जमतं की. जमतं. लॉटरीही लागते. लॉटरी लागलेल्या माणसाकडे मी शिकायला जात नाही.

आता कामाचं. ट्रॅक राहू दे जिथे आहे तिथे. सॅम्पल पॅकवाल्याला नाही म्हण, गोड बोलून नाही, सरळ नाही. तुझा हिस्स आणि धप्प आणखी हजार जणांच्या हार्डडिस्कवर गेला की सहा महिन्यांत तू स्वतःचीच नक्कल वाटशील आणि ते सिद्ध करायला तुझ्याकडे काही उरणार नाही. पैसे बरे आहेत हे मला दिसतंय. तरी नाही.

एजन्सीला हो म्हण. पण रीलचा ट्रॅक घासूनपुसून देऊ नकोस, नवीन रेकॉर्ड कर, क्लीन हवंय ना त्यांना, मग प्रेस सोड, त्याच गाळ्याच्या मागे तो डाय, म्हणजे प्रेसचा साचा, घासणारा माणूस बसतो बघ, पॉलिश पेपरनं, पाणी टाकून, तो आवाज स्वच्छ आहे आणि कुणाकडे नाहीये. त्याला आधी विचार, आणि त्यालाही पैसे दे, एजन्सीच्या बिलात त्याची ओळ टाक, कापतील, तरी टाक. कागदात लिहून घे की वापरायची परवानगी ठरावीक मुदतीची आहे आणि मूळ रेकॉर्डिंग तुझं राहील. तोंडी काही नको. जिम नॅश भला माणूस होता, त्याच्या भलेपणानं भाडं भरलं गेलं नाही.

मित्रांच्या गिगचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यात पडत नाही. फार तर जा आणि प्रेक्षकांत उभी राहा. कुणी टोमणा मारला तर विचार त्याला, तुझ्या सेटमधला तो चेनचा आवाज कुठला रे, कुठून आणलास. उत्तर आलं तर त्याच्याशी मैत्री ठेव.

एजन्सीला शुक्रवारपर्यंत कळव, कोटेशन मला आधी पाठव, आकडा कमी टाकशील हे मला पक्कं माहितीय. आणि गप्प बसून राहिलीस आणि त्यांनी लायब्ररीतला धातू लावून टाकला तर रात्री दीड वाजता मला मेसेज करू नकोस.

दादा