जुनी लाईन बदलताना: वाचकांचे प्रश्न

जुन्या नाशकात एका गल्लीतली लाईन फुटली की आजूबाजूच्या गल्ल्यांचंही पाणी जातं. पाइप नवे टाकले की हे थांबेल?

नुसत्या पाइपने नाही. गळती गल्लीत आणि बंद करता येणारा व्हॉल्व्ह पार मुख्य लाईनवर, हे खरं दुखणं. मधले व्हॉल्व्ह डांबराखाली गाडलेले, नाहीतर कधी न फिरवल्याने जाम. म्हणून खोदाईआधी व्हॉल्व्ह शोधून काढावेत, चेंबर रस्त्याच्या पातळीला आणावेत, जाम झालेले बदलावेत. मग फुटला तेवढाच तुकडा बंद होतो. आमच्या मते पहिला खर्च इथेच व्हावा.

बिडाच्या पाइपऐवजी डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे सहज न तडकणारं लोखंड) की एचडीपीई (जाड प्लास्टिक)?

वर्दळीच्या रस्त्याखाली सिमेंट अस्तराचा डीआय. अरुंद, वळणाच्या गल्लीत एचडीपीई. त्याचे सांधे वितळवून जोडतात, पण टोकं तासून कोरडी केली नाहीत तर जोड कच्चा राहतो. आपल्याकडे खाली काळा कातळ लागतो. त्यावर पाइप थेट टेकवला की टोकदार दगडाच्या जागीच तो पुढे फुटतो. खाली 100 ते 150 मिमी वाळू हवीच. डीआय लाईन सांधे मातीने न झाकता, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासावी, मगच बुजवावी.

नवी लाईन पडली, तरी सुरुवातीला गढूळ, वासाचं पाणी येतं. का?

बहुधा तुमची नळजोडणी अजून जुन्याच लाईनवर आहे. पाणी बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या पाइपात गळतीच्या भोकातून गटाराचं पाणी ओढलं जातं आणि पुढच्या वेळी तेच आधी नळाला येतं. पुरवठा चालू असताना व्हॉल्व्हमनकडून जुन्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद करून पाहा. नळ थांबला तर शंका खरी.

जोडण्या हलवणं हे किचकट काम असतं, एकेका घराचं फेरूल (पाइपला घरची जोडणी लावायचा तुकडा) नव्या पाइपवर न्यावं लागतं, म्हणून ते मागे पडतं आणि दोन्ही लाईन चालू राहतात. गळती जिथल्या तिथे. शेवटची जोडणी हलली की जुनी लाईन मुख्य लाईनपासून कापून तोंडाला ब्लँक फ्लँज (बिनभोकाचं बंद झाकण) लावावा. व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. जुना व्हॉल्व्ह झिरपतोच. एवढं करूनही वास राहिला तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासून घ्या: लिटरला किमान 0.2 मिग्रॅ हवा.

पंचवटीत आमचा रस्ता काँक्रीटचा होणार आहे. जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची) जोडणी अजून चालतेय, बदलू का?

हो, आत्ताच. रस्ता ओलांडणारा तुकडा एमडीपीईचा (मध्यम घनतेच्या प्लास्टिकचा) घ्या आणि मोठ्या पाइपाच्या आतून न्या. पुढे बिघडला तर काँक्रीट न फोडता ओढून काढता येईल.