‘शेतकऱ्याचे’ चुकीचं छापून येतंय, तर ते कुणाला आणि कसं कळवायचं

भाऊ, तुमचा प्रश्न मला असा समजला. गावातल्या सेवा केंद्रात तुम्ही लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-प्रोग्रामवर अर्ज टाइप करता. एका फॉन्टमध्ये ‘शेतकऱ्याचे’ लिहिलं की रफार डोक्यावर चढतो आणि कागदावर ‘शेतकर्याचे’ येतं. हे कुठं सांगायचं, इंग्रजी जेमतेम असताना कसं सांगायचं, आणि टॉवर धड नसलेल्या गावातून दुरुस्ती स्वतः पाठवता येते का?

येते. पण आधी चूक कुणाची ते शोधा. बऱ्याच तक्रारी चुकीच्या दारात जातात आणि तिथंच पडून राहतात.

पहिली तपासणी टायपिंगची. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर ‘जे’ दाबलं की साधा र येतो, शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ. ऱ, हलंत, य असा क्रम दिला तरच ‘ऱ्य’ मिळायला हवा. साधा र, हलंत, य दिलं तर रफार येणं बरोबरच आहे, ती प्रोग्रामची चूक (बग) नाही. खात्री करायची तर रायटरमध्ये (लिब्रेऑफिसच्या लिहायच्या प्रोग्राममध्ये) ते अक्षर टाइप केल्याबरोबर ऑल्ट आणि एक्स एकदम दाबा, त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे त्या अक्षराचा ठरलेला नंबर, दिसेल. र म्हणजे ०९३०, ऱ म्हणजे ०९३१. परत दाबलं की अक्षर परत येतं.

क्रम बरोबर असेल तर तोच शब्द दुसऱ्या दोन-तीन फॉन्टमध्ये लावून बघा, आणि तोच फॉन्ट फायरफॉक्समध्ये लावून बघा. लिब्रेऑफिस ५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, त्यात अक्षरं जुळवायचं काम सगळ्या सिस्टिमवर हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, आणि फायरफॉक्सही तेच वापरतो. त्यामुळे दोन्हीकडे फक्त त्याच फॉन्टमध्ये चूक दिसली तर दोष बहुधा फॉन्टचा, तो फॉन्ट बनवणाऱ्या प्रकल्पाला कळवा. फायरफॉक्समध्ये नीट आणि रायटरमध्येच चूक असेल तर लिब्रेऑफिसच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवायच्या संकेतस्थळावर, जा. तुमच्या वर्णनावरून मला फॉन्टचाच संशय आहे. ऱ आणि हलंत यांची जोडी फॉन्टमधल्या ‘हाफ’ (अर्धं अक्षर दाखवायच्या) नियमांत लागते, ती नसली की ‘ऱ्य’ नीट जुळत नाही.

कळवण्याआधी ‘आयलॅश’, ‘रेफ’, ‘मराठी’ हे शब्द इंग्रजीत टाकून जुनी नोंद शोधा. सापडली तर नवी उघडू नका. तिच्याखाली तुमची आवृत्ती लिहा आणि अजूनही असंच होतंय एवढं सांगा.

नवी उघडायची वेळ आली तर ‘मराठी चालत नाही’ असं शीर्षक देऊ नका. कोणता फॉन्ट, कोणतं जोडाक्षर आणि कोणता प्रोग्राम, हे शीर्षकातच येऊ द्या. पुढं पायऱ्या: नवी फाइल उघडा, हा फॉन्ट निवडा, हा शब्द चिकटवा. मग काय दिसायला हवं होतं आणि काय दिसतंय. चार-पाच शब्दांची साधी इंग्रजी वाक्यं पुरतात, व्याकरणावरून कुणी अडवत नाही. वाचणाऱ्याला मराठी येत नसणार हे धरून चाला आणि बरोबर-चूक दोन्ही चित्रं शेजारी ठेवून फरकाला लाल गोल करा. आवृत्तीचा तपशील ‘मदत’ मेनूतल्या लिब्रेऑफिसविषयीच्या खिडकीतून कॉपी होतो, तो जसाच्या तसा चिकटवा.

आणि फाइल जोडाच. कपाशीच्या पानावर डाग पडलेत असं फोनवर सांगून कृषी केंद्रवाला काय सांगणार, पान तोडून न्यावं लागतं. पण गिऱ्हाईकाचा खरा अर्ज कधीही जोडू नका. बगझिला सगळ्या जगाला उघडा असतो, त्यावर कुणाचा आधार क्रमांक किंवा सातबारा जाता कामा नये. दोन ओळींची नवी फाइल बनवा, त्यात फक्त चुकणारे शब्द.

नंतर ईमेल बघत राहा. लिब्रेऑफिसमध्ये अधिक माहिती हवी असेल तर नोंदीवर ‘नीड-इन्फो’ (माहिती हवी) असा शेरा लागतो आणि उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी बंद करतात. सोयाबीन सोंगणीच्या धांदलीत नेमकं हेच राहून जातं.

आता दुरुस्ती. लिब्रेऑफिसचा कोड जुन्या मशीनवर बिल्ड करायच्या, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायच्या, नादी लागू नका, तासन्‌तास जातात. फॉन्टचा प्रकल्प लहान असतो, तिथून सुरुवात करा. त्याच्या फाइली गिट या साधनाने आपल्या मशीनवर उतरवतात, त्याला क्लोन म्हणतात. तो अर्ध्यात तुटला तर पुढं चालू होत नाही, पहिल्यापासून उतरवावा लागतो. लाईट आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असताना ‘डेप्थ’ १ देऊन क्लोन करा, म्हणजे फक्त शेवटची अवस्था उतरते. जुना इतिहास लागलाच तर ‘डीपन’ने थोडा थोडा आणता येतो. मेनूतला एखादा मराठी शब्द सुधारायचा असेल तर क्लोनही लागत नाही, लिब्रेऑफिसची भाषांतरं वेबलेट या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच होतात.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपली दुरुस्ती स्वीकारायची विनंती, पाठवण्याआधी प्रकल्पातली ‘कॉन्ट्रिब्युटिंग’ (योगदानाच्या नियमांची) फाइल वाचा. एका रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती ठेवा, सोबत इतर बदल घालू नका. तपासणाऱ्याने बदल सुचवले तर ते कोडबद्दल असतात, तुमच्याबद्दल नाही. तीही माणसं बरेचदा आपला वेळ काढून काम करतात.

लिब्रेऑफिसमागची संस्था बर्लिनची आहे. तिथल्या माणसाला ‘ऱ्या’ चुकल्याचं दिसणार नाही, दिसलं तरी कळणार नाही. रोज हेच शब्द छापणाऱ्या तुमच्यासारख्यानेच ते सांगायला हवं, म्हणून मला तुमचा प्रश्न फार मोलाचा वाटतो. दोन ओळींची फाइल, फॉन्टचं नाव आणि इंग्रजीचा कच्चा मसुदा इथं टाका. माझ्या मशीनवर तसंच दिसतं का ते बघतो आणि मसुदा नीट करून देतो.