सरावात पळते, स्पर्धेत ढेपाळते

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, 800 मीटर धावते. सरावात 2 मिनिटे 28 सेकंद, जिल्हा स्पर्धेत मात्र 2:39. पहिली फेरी 67 सेकंदांत मारली आणि मग पायच उचलेनात. अंबडला आमचं जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचं) वर्कशॉप आहे. तिथेही गिऱ्हाइकासमोर गप्प बसते. तिला व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का? खेळ बंद करून धंद्यात घेऊ का?
– एक आई, सातपूर, नाशिक

उत्तर :
ताई, नमस्कार. क्लास लावू नका आणि खेळही बंद करू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे.

800 मीटर म्हणजे 400 च्या दोन फेऱ्या, आणि 2:39 म्हणजे 159 सेकंद. पहिली फेरी 67, तर दुसरी 92! 2:28 साठी 73 आणि 75 अशी विभागणी हवी. सुरुवातीच्या रेटारेटीत आतली जागा मिळवायला सगळ्याच सुसाट सुटतात, ही त्यांच्यामागे गेली. दुसऱ्या फेरीत पाय जड होणारच. याला आपण घाबरली म्हणतो, पण चुकला तो वेगाचा अंदाज.

प्रशिक्षकांशी बोलून आठवड्यातून एकदा 200 मीटरचे चार तुकडे प्रत्येकी 36-37 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, असा सराव ठेवा. घड्याळ तिच्या हातात नको. तुकडा संपला की आधी तिने वेळ सांगायची, मग तुम्ही. अंदाज एका सेकंदाच्या आत आला की वेग अंगात बसला. पंधरा दिवसांतून एकदा 600 मीटर 1:50 मध्ये. त्या दिवशी छातीवर नंबर, स्पाइक्स आणि शिट्टी द्यायला अनोळखी माणूस. सगळे आकडे वहीत, वाईट दिवसाचेसुद्धा. स्पर्धेत ‘तू करू शकतेस’ असं ओरडू नका. 200 मीटरला फक्त सेकंद ओरडून सांगा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत मांडले : स्वतः केलेलं काम, आपल्यासारख्याला करताना पाहणं, इतरांचं प्रोत्साहन आणि शरीराच्या खुणांचा लावलेला अर्थ. पहिला सर्वांत भक्कम. क्लासमध्ये बहुधा तिसराच मिळतो. दुसऱ्यासाठी सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत आहेतच. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं. पण तिच्याच मैदानावर 2:35 वरून 2:27 वर आलेली एखादी सीनियर मुलगी असेल, तर ती जास्त उपयोगी पडेल, कारण तिचा रोजचा घाम दिसतो. राहिली शर्यतीआधीची धडधड. शरीर तयार होतंय म्हणून ती होते, एवढं आधी सांगून ठेवा.

धंद्याचंही तसंच आहे, आणि तिथे फाजील आत्मविश्वास जास्त महाग पडतो. समजा, सीएनसी लेथचा (संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्राचा) तासाचा दर 400 रुपये आणि एका नगाचा सायकल टाइम, म्हणजे यंत्रावर लागणारा वेळ, 6 मिनिटं. घाईत हिशेब होतो 40 रुपये, आणि ‘45 ला देतो’ असं छातीठोकपणे सांगून टाकतात. पण नग चढवणं-उतरवणं 2 मिनिटं, म्हणजे 8 मिनिटांचे 53 रुपये झाले. काम सुरू करण्याआधीच्या मशीन सेटिंगचे तीन तास 300 नगांवर वाटले की आणखी 4. खर्चच 57. त्या ऑर्डरमध्ये साधारण 3,600 रुपये खिशातून गेले; रिजेक्शन, टूल आणि वाहतूक अजून धरलेलीच नाही.

तेव्हा तिला गिऱ्हाइकासमोर लगेच बसवू नका. शनिवारी दोन तास जुन्या ऑर्डरींचं कॉस्टिंग करू द्या. आठ-दहा ऑर्डरींचे आकडे तिने काढले, ते प्रत्यक्ष खर्चाशी जुळले की कोटेशन तिला बोलू द्या. ‘पाच रुपये कमी करा’ म्हटल्यावर तुमच्याकडे बघू लागली, तर मध्ये पडू नका. तिच्यापुढे कागद आहे.

वसुलीचे फोन त्यानंतर. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर कायद्याने 45 दिवसांपुढे पैसे अडवता येत नाहीत, आणि उशीर झाला तर व्याज लागतं, हे तिला माहीत असू द्या. पहिला फोन मात्र सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला लावायला सांगू नका. पाच-सात हजार अडकलेल्यापासून सुरुवात करा.