झाडांवरचा हक्क 40,000 पौंडांत सोडावा का?

तुमच्या यजमानांच्या इंग्लंडमधल्या हेरफर्डशर इथल्या वडिलोपार्जित इस्टेटीबद्दल तुम्ही विचारलं आहे. आजेसासऱ्यांनी 1958 मध्ये लिहून ठेवल्याप्रमाणे इस्टेट आधी सासऱ्यांकडे, मग सासूबाईंकडे हयातीपुरती आणि त्यानंतर तिन्ही मुलांना समान. सासरे गेल्या वर्षी वारले. मोठ्या दिरांना जुने ओक विकून घराचं छप्पर करायचं आहे, नणंदबाई एकाही झाडाला हात लावू देत नाहीत. आता दिरांनी यजमानांपुढे 40,000 पौंड ठेवले आहेत, बदल्यात झाडांवरचा हक्क कायमचा सोडल्याची सही हवी. लीसेस्टरच्या घराच्या कर्जाचे 62,000 पौंड फेडायचे आहेत, म्हणून मन वळतंय.

सही करू नका. कोकणात जमीन एकाची आणि आंब्या-फणसाची झाडं दुसऱ्याची, यावरून सख्ख्या भावांनी बोलणं टाकलेलं मी पाहिलं आहे. झाड आणि जमीन कागदावर वेगळी झाली की वाद मिटत नाही, पुढच्या पिढीकडे जातो.

दीर म्हणतात, आई आहे तोवर झाडं आईची. हे अर्धंच खरं आहे. 1925 च्या सेटल्ड लँड अ‍ॅक्टखाली (एकामागून एक वारसाकडे जाण्यासाठी बांधून ठेवलेल्या जमिनींचा इंग्लिश कायदा) 1997 पासून नवी व्यवस्था करता येत नाही, पण जुन्यांना तो अजून लागू आहे. त्यानुसार साधारणपणे तोडीला आलेला ओक पाडायला विश्वस्तांची संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो. निव्वळ रकमेतला चौथा हिस्साच सासूबाईंच्या हातात येतो. उरलेले तीन हिस्से मुद्दल म्हणून विश्वस्तांकडे राहतात. त्याचं उत्पन्न सासूबाईंना, मुद्दल पुढे तिघा मुलांना. म्हणजे आज ओक पडले तरी यजमानांचा वाटा बुडत नाही. तो बुडेल त्यांच्या सहीने.

एक गोष्ट मात्र मूळ दस्तात शोधायलाच हवी. हयातीचा हक्क असणाऱ्याला नासधुशीचा जाब विचारता येणार नाही, असं वाक्य त्यात असेल तर सगळी रक्कम सासूबाईंची होते. तरीही मोकळं रान मिळत नाही. 1716 च्या रॅबी कॅसलच्या खटल्यात लॉर्ड बर्नार्ड यांना अशीच मुभा होती. मुलावर रागावून त्यांनी वाड्याचं शिसं, काचा, दारंसुद्धा उचकटली. कोर्टाने त्यांना थांबवलं आणि सगळं पूर्ववत करायला लावलं. त्याच न्यायाने घराच्या शोभेसाठी आणि आडोशासाठी लावलेल्या झाडांनाही संरक्षण मिळतं. तुम्ही लिहिलेली दारापासून फाटकापर्यंतची ओकांची रांग बहुधा यात बसेल.

आता कर. घाई का नको, याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे. धंदा म्हणून सांभाळलेल्या जंगलातलं लाकूड विकलं तर 1988 पासून त्यावर आयकर नाही, म्हणून दिरांना हा सौदा सोपा वाटतो. पण सासूबाईंनंतर करमुक्त मर्यादेवरच्या रकमेला वारसा कर 40 टक्के आहे. उभ्या झाडांना त्यात सवलत मिळू शकते: जंगल धंदा म्हणून चालत असेल आणि मालकी किमान 2 वर्षांची असेल तर व्यवसाय-मालमत्तेची सवलत (6 एप्रिल 2026 पासून पूर्ण सवलतीला मर्यादा आहे, त्यावर ती निम्मी), नाहीतर झाडांची किंमत बाजूला ठेवून ती विकली जातील तेव्हा कर भरण्याची सोय, तिचा अर्ज मृत्यूपासून 2 वर्षांत करावा लागतो. ओक तोडून पैसे खात्यात आले किंवा छपरात गेले, की या दोन्ही वाटा त्या पैशांपुरत्या बंद.

शिवाय तोडीच्या परवान्यासोबत फॉरेस्ट्री कमिशन (सरकारी वनखातं) सहसा पुन्हा लागवडीची अट घालतं. ती जमिनीला चिकटते. सही केली तर लाकडाच्या पैशांतला यजमानांचा वाटा दिरांकडे आणि रोपं लावून हरणांपासून जपण्याचा खर्च तिघांच्या जमिनीवर, असं होईल. परवान्याशिवाय तिमाहीला फक्त 5 घनमीटर तोडता येतं, त्यातलं 2 घनमीटरच विकता येतं. बेकायदा तोडीच्या दंडाला आता कमाल मर्यादा नाही.

नणंदबाईंचं म्हणणंही मी पूर्ण मान्य करणार नाही. तुम्ही लिहिता, रस्त्याकडेचे अ‍ॅश शेंड्याकडून वाळू लागलेत. हा अ‍ॅश डायबॅक नावाचा, अ‍ॅशच्या झाडांना होणारा बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये 2012 पासून नोंदला गेला आहे. रोगट अ‍ॅश ठिसूळ होतो. तोडायला उशीर कराल तितकं काम धोक्याचं आणि महाग, आणि फांदी गाडीवर पडली तर जबाबदारी इस्टेटीवर येऊ शकते. ओकाला मात्र वाट पाहण्याने सहसा तोटा नाही.

म्हणून दिरांना उलट प्रस्ताव द्या. कोणाच्याही बाजूचा नसलेला चार्टर्ड फॉरेस्टर (मान्यताप्राप्त वनतज्ज्ञ) बोलवून झाडन्‌झाड मोजून घ्या, फी तिघांनी वाटून. अ‍ॅश आधी काढा आणि विश्वस्तांच्या परवानगीने ते पैसे छपराकडे वळवा. 40,000 हा आकडा कुठून आला हे त्या मोजणीआधी दिरांनाही सांगता येणार नाही.

कर्जासाठी बँकेला विचारा. ठराविक व्याजाच्या बऱ्याच कर्जांत वर्षाला शिल्लक कर्जाच्या 10 टक्क्यांपर्यंत जादा रक्कम दंडाशिवाय भरता येते. तुम्ही बाजूला टाकत असलेले महिन्याचे 350 पौंड तिकडे वळवा.

आणि या आठवड्यात विश्वस्तांना लेखी पत्र पाठवून 1958 च्या दस्ताची पूर्ण प्रत मागवा. ती ट्रस्टचं काम करणाऱ्या सॉलिसिटरला दाखवा. दिरांच्या सॉलिसिटरने पाठवलेल्या कागदावर तोवर यजमानांनी पोच म्हणूनसुद्धा सही करू नये.