क्लिनिकल एक्झाम दोनदा गेली, केस टाकू का?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की पुण्याहून एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून अमेरिकेत इलिनॉयला आलात, एलएसडब्ल्यू म्हणजे लायसन्सवाल्या सोशल वर्कर झालात, सुपरव्हिजनचे 3,000 तास भरले, पण एलसीएसडब्ल्यूची, म्हणजे त्यावरच्या क्लिनिकल लायसन्सची परीक्षा दोनदा थोडक्यासाठी गेली, आणि ती आपल्यासारख्यांवर अन्याय करते म्हणून कोर्टात जावं का.

चिडलात ते बरोबरच आहे. परीक्षा घेणाऱ्या एएसडब्ल्यूबी या संस्थेनेच 2022 मध्ये आकडे जाहीर केले, 2018 ते 2021 मध्ये क्लिनिकल परीक्षा पहिल्याच झटक्यात पास होणारे गोरे साधारण 84 टक्के आणि कृष्णवर्णीय 45 टक्के! पण कोर्टात नुसते आकडे चालत नाहीत हो. 1976 च्या वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिसमध्ये पोलीस भरतीच्या परीक्षेत असाच फरक दिसत होता, तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की भेदभावाचा हेतू दाखवा, आणि 2001 च्या सँडोव्हल निकालानंतर टायटल सिक्सखाली (सरकारी निधी घेणाऱ्यांना वंशभेदाची मनाई करणारा कायदा) हेतू न दाखवता केवळ परिणामावर खासगी माणसाला दावाच लावता येत नाही. नोकरीतल्या भेदभावाचा कायदा टायटल सेव्हन आहे पण तो नोकरी देणाऱ्यावर, लायसन्स देणाऱ्या बोर्डाला बहुतेक कोर्टं त्यात धरत नाहीत. पैसे आणि दोनतीन वर्षं घालवायची असतील तर वकील मिळेल, मी मात्र केस टाका असं सांगणार नाही.

त्यापेक्षा हे बघा. इलिनॉयने 2024 पासून दुसरी वाट काढलीय, 2019 नंतर परीक्षा देऊन जे पास झाले नाहीत त्यांना आणखी 3,000 तास सुपरव्हिजनखाली काम करून एलसीएसडब्ल्यू मिळू शकतं. म्हणजे ते नापासाचे दोन स्कोअर रिपोर्ट, जे तुम्ही रागाने फाडणार होतात, तेच आता तुमचे कागद आहेत, स्कॅन करून ठेवा. सुपरव्हायझर स्वतः एलसीएसडब्ल्यू हवा, तासांवर दर महिन्याला त्याची सही घ्या, वर्षाच्या शेवटी आठवून लिहिलेलं लॉगबुक कुणी मानत नाही. आणि तास मोजायला लागायच्या आधी राज्याच्या लायसन्स खात्याला ईमेल करून तुमची केस त्यात बसते असं लेखी घ्या, फोनवर कुणी हो म्हणालं त्याला काही अर्थ नाही.

एक गोम आहे. मिस्टर टेक्सासला बदली मागतायत असं लिहिलंयत, परीक्षेशिवाय मिळालेलं लायसन्स दुसरं राज्य मान्य करेलच असं नाही, आणि राज्याराज्यांमधला जो नवा कॉम्पॅक्ट, म्हणजे एकमेकांची लायसन्स मान्य करायचा करार, येतोय त्यालाही राष्ट्रीय परीक्षा पास लागते. म्हणून तास चालू ठेवून तिसऱ्यांदा परीक्षा द्याच, इंग्रजी दुसरी भाषा असलेल्यांना जादा वेळ इलिनॉय मंजूर करतं का ते फी भरायच्या आधी विचारा.

आणि हो, पत्रात परीक्षेतले दोन प्रश्न आठवून लिहिलेत ते मी खोडून टाकलेत. व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकू नका, गुप्ततेच्या अटी तुम्ही मान्य केलेल्या आहेत, निकाल रद्द होऊ शकतो.