गावात हौसेनं ड्रोन उडवतो तर शेजारी अंगावर येतात, दगड मारतात. काय करावं?

पहिले हे सांगा भाऊ, त्या शेजाऱ्यासोबत तुमचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आहे का? तुम्ही लिहिलं की स्वतःच्याच वावरातून उडवतो, सगळं नियमात आहे, तरी शेजारचा माणूस शिव्या देतो आणि एकदा तर दगडही भिरकावला. पण त्याच्याशी आधीपासून काय चालू आहे ते लिहिलंच नाही, आणि सगळी गोम तिथंच असते. आमच्या भागात ड्रोनवरून झालेली जेवढी भांडणं मी पाहिली त्यातलं ड्रोनचं असं एकही नव्हतं.

नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरतो. 2021 चे ड्रोन नियम, 250 ग्रॅमच्या आतला असेल तर पायलटच्या सर्टिफिकेटची गरज नाही, ग्रीन झोनमध्ये, म्हणजे सरकारी नकाशावरच्या हिरव्या मोकळ्या भागात, 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, वगैरे. तो नकाशा मात्र दर वेळी उघडून बघा, कारण विमानतळ सोडा, आपल्याकडं पुलगावचं दारूगोळा भांडार आहे, भद्रावती आणि जवाहरनगरचे आयुध कारखाने आहेत, त्या बाजूला हौस मौज काही चालत नाही. ताडोबा, बोर, टिपेश्वरच्या हद्दीत तर बॅगेतूनच काढू नका, वनखातं मशीनही ठेवून घेईल आणि तुम्हालाही. पण ही नियमांची टेप शेजाऱ्यासमोर लावू नका. मी लावली होती, तर समोरून उत्तर आलं, "ग्रीन झोन तुह्या मोबाइलात असन, वावर माह्या सातबाऱ्यात हाये." यावर काय बोलणार? बोला तुम्ही.

तर माझं सांगतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या बाजूला. माझ्याजवळ डीजेआयचा मिनी आहे, 249 ग्रॅमवाला, 2022 च्या फेब्रुवारीत बाहेरच्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आली त्याच्या आधीचा. आमच्या वावराला लागून एका काकाजींचं वावर आहे. भाऊबंदच लागतात, नाव लिहीत नाही, ज्याला समजायचं त्याला समजेल. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, पऱ्हाटी (कपाशी) छातीला लागलेली, मधात तुरीची ओळ, आणि मी विहिरीच्या ओट्यावरून ड्रोन वर घेतला. नदीच्या वळणावर ऊन उतरतं तेव्हा वरून काय दिसतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. काकाजी तिकडून ओरडले, "काऊन रे, काय शूटिंग करून रायला माह्या वावराची? खाली घे तो भुंगा, नाई तं पाडतो." मी म्हटलं, म्हातारा बोलते, बोलू दे.

आता आमच्याकडं ज्वारी कोणी पेरत नाही, पाखरं आणि रानडुकरं मिळून काही हाती लागूच देत नाहीत, त्यामुळे गोफण म्हणजे गोठ्याच्या खुंटीला लटकलेली जुनी वस्तू. त्या माणसानं ती खुंटीवरची काढून आणली हो. दोरीचं एक टोक बोटात अडकवलं, गोटा ठेवला, डोक्यावरून गरगर दोन फेर, आणि सट्ट. मी ड्रोन परत आणायला खाली घेत होतो, विहिरीच्या उंचीवरच आलेला, तर ड्रोनचा डावा हात तुटून मशीन तुरीत. मोबाइलवरून बीप वाजवत वाजवत शोधलं तेव्हा सापडलं, कॅमेरा वायरीला लोंबकळत होता आणि एक पातं अजून तडफडत होतं. नेम मात्र मानला पाहिजे, साठीच्या पुढचा माणूस आहे.

मी रिपोर्ट करायला जाणार त्याच्या आधीच ते तंटामुक्तीच्या अध्यक्षाकडं जाऊन बसले. आणि तक्रार काय, तर "माह्या सुना निंदाले येतात, हा पोट्टा वरून त्याईचे फोटो काढते." बघा, ही तक्रार आली की गावात माणसाची नजरच बदलते. काल ज्याच्याकडं चहा पिला तोही मान खाली घालून निघून जातो. मी त्याच दिवशी म्हटलं की मेमरी कार्ड घ्या, ग्रामपंचायतीच्या टीव्हीला लावा, सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहा, काही कापलं असेल तर मला सांगा.

लावलं. पोलीस पाटील, अध्यक्ष, आमचे बाबा, काकाजी आणि रिकामी पोट्टी ही एवढी. व्हिडिओत काय, तर नदी, पांदण रस्ता, कोणाची तरी सुटलेली बंडी, आणि आमच्या दोघांची वावरं. बाई दिसतच नाही एकही, कारण त्या दिवशी कोणी निंदायला आलंच नव्हतं. पण एका ठिकाणी पोलीस पाटील म्हणाले, "थांब, तिथंच थांबव." तिथं काकाजींच्या पऱ्हाटीच्या ओळी चालल्या होत्या आणि त्या ओळींच्या बरोबर मधात एक निंब उभा. पाटील म्हणतात, "हा निंब तं धुऱ्यावर होता ना हो?"

त्यानंतर जी शांतता झाली ती मी विकतही घेतली असती.

तर भाऊ, सुनांचं वगैरे काही नव्हतं. दरवर्षी वखरताना, पेरताना एक-एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, इकडं सरकवायचं, धुऱ्यावरचं गवत नांगराखाली घालायचं, आणि खालून पाहणाऱ्याला पऱ्हाटीत काही समजत नाही. वरून पाहिलं की ते झाड आतमध्ये दिसतं. त्यांना भीती ड्रोनची नव्हती, निंबाची होती. बाबा हे कितीतरी वर्षांपासून सांगून रायले, आणि घरात आम्हीच त्यांना म्हणायचो की जाऊ द्या, भाऊबंद आहेत, एका तासानं काय होते.

आणि यात सरकारी ड्रोननं अजून गोंधळ घातला आहे. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोननं होते, आमच्याकडंही घरांच्या हद्दीवर चुन्याच्या रेषा आखल्या, मग वरून मशीन फिरलं, नंतर लोकांना प्रॉपर्टी कार्ड मिळायला लागले. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं की ड्रोन म्हणजे मोजणी. ती गावठाणाची असते, वावराची नाही, आणि ते मशीन वेगळं, त्याच्यामागं सर्व्हेची यंत्रणा असते. आपल्या हौसेच्या ड्रोनचा जीपीएस दोन-चार मीटर इकडं तिकडं दाखवू शकतो, त्यावर धुरा ठरवायला गेला तर दोघांचीही विहीर तिसऱ्याच्याच वावरात निघेल. हे शेजाऱ्याला नीट समजावून सांगा, याचा खरंच उपयोग होतो. आणि गूगल अर्थ उघडून त्याचंच वावर त्याला दाखवा, कॉम्प्युटरवर तर जुन्या सालचे फोटोही मागं सरकवून दिसतात. म्हणा, काकाजी, तुमचं वावर आभाळातून कधीचंच दिसून रायलं, माझ्या भुंग्यानं नवीन काही सांगितलं नाही. यानं अर्धी लोकं गप्प होतात. उरलेल्या अर्ध्यांचा निंब असतो.

पण सगळे शेजारी आमच्या काकाजींसारखे नसतात हेही खरं. काहींचा राग सरळ असतो आणि तो ऐकून घ्यावा लागतो. गावाकडं घराच्या मागं न्हाणी असते, कितीतरी ठिकाणी तिला वर छप्परच नसतं, त्यावरून ड्रोन गेला तर तुम्ही कितीही म्हणा की मी तर मंदिराचा कळस घेत होतो, कोणी ऐकणार नाही, आणि का ऐकावं? अशा जागी बाईचं चित्रीकरण केलं तर न्याय संहितेचं कलम 77 लागतं, जुन्या कायद्यात ते 354 क होतं, तिथं तुमची हौस चालत नाही. दुसरं म्हणजे फवारणी. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कास्तकार आणि मजूर मेले, ते आपल्या लोकांच्या डोक्यातून अजून गेलं नाही. आता फवारणीचे मोठे ड्रोन फिरायला लागले, वरून काहीतरी उडतंय म्हटलं की बाया डोक्याला पदर गुंडाळून पळतात की काय टाकून रायला. त्यांना जवळ बोलावून दाखवा की याला टाकीच नाही. आणि तिसरं, 2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून गावंच्या गावं जागली करत होती, ते मेसेज आमच्या गटावर पण येऊन पडले, त्यानंतर अंधारात ड्रोन उडवणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही.

मग करायचं काय, तर उडवायच्या आधी सांगा. फोनवर नको, समोर जाऊन सांगा. ओट्यावर बसा, पाणी प्या, स्क्रीन हातात द्या. आमच्या दुसऱ्या बाजूचे शेजारी आधी फार कुरकुर करायचे, त्यांच्या तुरीत रोही (नीलगाई) शिरलेत का ते एकदा वरून पाहून दिलं, तेव्हापासून तेच विचारतात की आज भुंगा नाही का आणला. स्वतःच्या वावरातून सरळ वर घ्या, आणि वर म्हणजे खरंच वर, 25-30 मीटरवर रेंगाळला की आवाज डोक्यात जातो आणि लोकांना वाटतं की आपल्याच घरात डोकावतो, 80-100 च्या पुढं गेला की 249 ग्रॅमवाल्याचा आवाज जवळपास येतच नाही. गोफणही पोहोचत नाही तिथं. डवरणी (पिकातली कोळपणी) चालू असताना बैलांच्या जवळ नेऊ नका, बैल बुजला तर डवरा पिकावरून जाते आणि त्या नुकसानीवर तुमच्याकडं उत्तर नसतं. आग्या मोहोळाच्या झाडापासून तर लांबच. घारी झडप घालतात ते तुम्हाला माहीत असेलच. मे महिन्यात दुपारी उडवून काही सिद्ध होत नाही, आपल्याकडं पारा 45 च्या वर आणि माझ्या मशीनची हद्द 40 ची.

पोलिसात जावं का, तर तुमचं मशीन फुटलं असेल आणि व्हिडिओत दगड मारणारा दिसत असेल तर जा, दुसऱ्याच्या वस्तूची तोडफोड हा गुन्हाच आहे, ड्रोन आहे म्हणून माफ होत नाही. पण ठाणेदार पहिले तुमचे कागद मागतील, नोंदणी आहे का, कुठून घेतला, ते सगळं नीट असेल तरच पायरी चढा. मी गेलो नाही. तंटामुक्तीत काकाजींनी ड्रोनच्या तुटलेल्या हाताचे पैसे देतो म्हणून कबूल केलं, अजून काही आले नाहीत, आणि मला आता ते पैसे नकोही आहेत, मला मोजणी पाहिजे. तो टीव्हीवरचा निंब पाहिल्यावर बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात भूमी अभिलेखला अर्ज टाकला, फी भरली. लगतच्या कास्तकारांना नोटीस जाते, ती आली की काकाजी नेमके मुलीकडं नागपूरला. भूकरमापक येईल, रोव्हर म्हणजे मोजणीचं जीपीएस यंत्र लावेल, मोजणीच्या नकाशाची क प्रत निघेल आणि खुणा रोवल्या जातील, त्यात जर आमचंच चुकीचं निघालं तर मी स्वतः निंब त्यांना सोडायला तयार आहे, हे सगळ्या गावासमोर बोललो आहे. पण त्यांना मोजणीच नको आहे. ज्याचा धुरा सरळ असतो तो मोजणीला घाबरत नाही, एवढं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

म्हणून तुम्हाला विचारलं की वाद आहे का. असेल तर ड्रोन काही दिवस पेटीत ठेवा आणि मोजणीचा अर्ज टाका, नाही तर तुम्ही काहीही उडवा, पतंग का असेना, दगड येणारच. वाद नसेल आणि नुसती न्हाणीची किंवा बैलांची तक्रार असेल, तर ती तक्रार बरोबर आहे, तुमची उडवायची जागा बदला आणि भांडू नका.

आणि एक राहिलं, पोळ्याच्या दिवशी उडवायचा मोह होतो, सजवलेले बैल तोरणाखाली ओळीनं उभे असतात, वरून फोटो भारी येते म्हणून. त्या दिवशी नाही म्हणजे नाही. एक बैल उधळला तर सगळी ओळ उधळते, लेकरं मधात असतात, आणि तेव्हा तुमची बाजू घ्यायला पोलीस पाटीलही उभे राहणार नाहीत.